मॅडम माहिती भरून राहिल्या

...अन् वरून लोकं मलेच विचारतात, 'का जी चैतरामभाऊ, तुमच्या गावची शाळा मोबाईलवर गाजली म्हनते, पेढे कुठी हायत?' पेढे कायचे? त्या बाईवर काय बेतलं ते कोनी विचारत नाही.

तुमाले सांगतो, सौंदडच्या अलीकडं आमचं गाव. शाळा चौथीपर्यंत, पोरं सतरा, अन् शिकवाले एकट्या रुख्मिणी मॅडम. दुसरा मास्तर द्या म्हनून तीन वर्षं अर्ज करून राहिल्या. एका बाईनं चार वर्ग शिकवायचे, खिचडी चाखायची, अन् उरल्या वेळात माहिती भरायची. कायची माहिती? पोरांनी हात धुतले, फोटो टाका. झाड लावलं, फोटो टाका. झाड जगलं का, तेबी टाका... अन् गावात रेंज नाही, म्हनून बाई शाळेमागच्या बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या उंच बांधावर, मोबाईल वर धरून उभी.

त्या दिवशी धानाचा रोवणा सुरू, सारं गाव बांधीत रोपं लावाले. मॅडम चौथीतल्या आचलले म्हनाल्या, 'पाचच मिनिटं पहिलीकडं बघ गं.' अन् पाळीवर गेल्या. नेमका तवाच तो उमेंद्र आला, गोंदियाचा, मोबाईलवर बातम्या करते तो. आला होता रस्त्याच्या खड्ड्यांचा व्हिडिओ काढाले. खिडकीतून पायते तं पोरगी छडी घेऊन पाढे म्हनवून राहिली.

'बेटा, टीचर कहाँ है?'

आचलनं मान नाही वळवली. 'मॅडम माहिती भरून राहिल्या. तुमी खाली बसा, वर्ग चालू हाय.'

बसला न जी तो, मांडी घालून, मोबाईल चालूच ठेवून.

सांज व्हायच्या आत व्हिडिओ साऱ्या जिल्ह्यात... 'चौथीची पोरगी चालवते शाळा!' अर्धे म्हनत, काय हुशार पोरगी. अर्धे म्हनत, बाईले घरी पाठवा. तिसऱ्या दिवशी मॅडमले नोटीस, खुलासा द्या, तोबी ऑनलाइन. झालं, बाई पुन्हा पाळीवर. मॅडम माहिती भरून राहिल्या.

मंग आमचे नेते आले, तीन गाड्या घेऊन. आचलले शाल, नारळ. 'लेकरानं लेकराला शिकवायचं, हीच आपली संस्कृती.' दुसऱ्या दिवशी विरोधातले आले. 'ही या सरकारची नामुष्की!' तेयनंबी शालच देल्ली. एवढ्या उकाड्यात पोरगी दोन शाली पांघरून उभी. मॅडमनं दोघांहीपुढं हात जोडले. 'साहेब, शाल राहू द्या, एक मास्तर द्या.' अन् दोघंही एकच बोलले, जसे एकाच शाळेत शिकले... 'नक्की देऊ. तुम्ही सगळी माहिती भरून पाठवा.'

आता मॅडमनं काय करावं? माहिती भरून राहिल्या.

पुढं ऐका. नोटीस मागं घेतली अन् कौतुकाचं पत्र आलं. आमची शाळा 'नवोपक्रम' झाली म्हने. पोरांच्या हातून शाळा कशी चालवायची, हे साऱ्या एकशिक्षकी शाळांच्या मास्तरांले शिकवाले मॅडमनं तीन दिवस गोंदियाले यावं. मॅडमनं पत्र दोनदा वाचलं. हसल्या नाही, रडल्याबी नाही. एवढंच म्हनाल्या, 'चैतरामभाऊ, तुम्ही शाळा समितीचे अध्यक्ष. तीन दिवस वर्ग कोण घेईल?'

मी काय सांगू? मी सातवी नापास, अन् माझी बांधी रोवाची बाकी. मी खाली पाहून राहिलो, अन् मॅडम आचलकडं.

चौथ्या दिवशी मॅडम गोंदियाहून आल्या तं टेबलावर वहीचं पान. आचलचा अर्ज. 'मी एकटी आहे. वर्ग चार आहेत. पहिलीचे पोरं ऐकत नाहीत. तरी मला दुसरा मास्तर द्यावा. आपली विश्वासु, आचल.'

मले वाटलं, आता बाईचा बांध फुटते. पन त्यांनी लाल पेन काढला, 'विश्वासु'चा उकार दीर्घ केला, खाली सही केली, वर पाठवाच्या फाईलीत पान लावलं अन् मले म्हनाल्या, 'पोरीला अर्ज लिहिता येते भाऊ. तेवढं तरी शिकवून झालं.'