राक्षसाचं सोनं

मोहोळच्या एसटीच्या रांगेत माझ्यापुढं दोन मास्तर बोलत होते.

"गंगाधरराव, भावानं अमेरिकेहून पाठवलेला तो खेळ चाललाय का? तुम्ही गोष्ट सांगायची, पोरांनी फासे टाकून लढायचं?"

"बंदच पडत होता हो. मीच चुकलो. पहिल्याच गुहेत पोरांना राक्षसाचं सगळं सोनं देऊन बसलो. मग पुढच्या गुहेत कुणी उतरेना. म्हणे, आता कशाला?"

"मग काढून घेतलंत?"

"रडली असती. मी गोष्टीतल्या गावात बहात्तरसारखा दुष्काळ पाडला. पोरांनी आपणहून सगळं सोनं विहीर खणण्यात घातलं. आता सगळे कफल्लक. रविवारी पुन्हा गुहेत!"

माझ्यामागची म्हातारी पुढं वाकली. "आन् मास्तर, हिरीला पानी लागलं का?"

"लागलं की, आजी. चाळीस फुटांवर."

"वाचलं बाई गाव."