सतरा नावांची भिंत

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय अभियंता साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, सूत्रसंचालक योगिनीताई, माझे सहकारी आणि मसालेभाताच्या वासाने चुळबुळणाऱ्या बंधू-भगिनींनो,

योगिनीताई म्हणाल्या, खंडेराव म्हणजे शरणपूरच्या चित्रभिंती! ताई, फार मोठेपणा दिलात. पण त्यातल्या पाचव्या भिंतीचं खरं सांगितल्याशिवाय हा नारळ घरी न्यायला मन होत नाही. थकलोय, म्हणून बसूनच बोलतो. साहेब, चालेल ना?

दीडशे वर्षांपूर्वी गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकेची मुलं आपल्या शरणपुरात राहिली, शिकली. किती नाशिककरांना ठाऊक होतं? मलाही नव्हतं. त्यांच्या आठवणीसाठी, चालत चालत बघता येतील अशा पाच भिंती रंगवायचं ठरलं. चार भिंतींवर जहाज, शाळा, सुतारकाम, गाणी. पाचवीवर फक्त मुलं.

चित्रं काढायला सुरगाण्याहून मंगलाबाई आल्या. नावं दिली आशामावशींनी. मावशींची पणजी त्या मुलांतलीच. नाताळच्या जेवणाआधी सतरा नावं मोठ्यानं घ्यायची, ही त्यांच्या घरची रीत. शाळेत मिळालेली नव्हेत, आईनं हाक मारलेली नावं. मावशी एक नाव घ्यायच्या, मंगलाबाई गेरूवर पांढऱ्या रंगानं एक मूल काढायच्या, मी खाली नाव लिहायचो. मी विचारलं, "मावशी, कागदावरही घेऊ का?"

"अरे, भिंतीवर लिहितोयस ना? आता कुठं जातायत ती!"

गेल्या उन्हाळ्यात कुणा पाहुण्यांच्या दौऱ्यासाठी रस्त्याकडेच्या भिंती एकसारख्या रंगवायची फाईल आली. 'सर्व भिंती' असं स्वच्छ लिहिलेलं. महापालिकेतल्या छत्तीस वर्षांत अशा किती फायली पाहिल्या! न वाचता सही केली. चार दिवसांनी स्कूटरवरून जातो तर काय, काम पाचव्या भिंतीपासूनच सुरू झालेलं, ती पुरती क्रीम रंगाची. उरलेल्या चार मी धावपळ करून वाचवल्या. पण ओरडू कुणावर? सही माझीच.

मावशी त्याआधीच्या नाताळातच गेल्या. मूलबाळ नव्हतं. मंगलाबाई जीपनं आल्या, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "भिंतीचं काय दादा, आम्ही दरसाल सारवतोच. तू नावं सांग."

मी बारा सांगितली. पुढं आठवेना. मी म्हटलं, उरलेली पाच मुलं नुसती काढा. तर म्हणाल्या, "नाव नाय त्याला हाक कशी मारू? आन् हाक नाय मारली तर त्यो भिंतीवर येईल कसा?"

म्हणून तिथं बारा मुलं आणि पाच मोकळ्या जागा आहेत. लोकांना ती रचना वाटते. मला तिकडून जाववत नाही.

उद्घाटनाचा फोटो मी शंभरदा पाहिला. नेमक्या त्या पाच नावांपुढे हार घालून आपण उभे आहोत. मधोमध मी, दात काढून.

साहेब, शालीबद्दल, या प्रेमाबद्दल सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या. सहीत चुकलं, त्याची माफी तुमच्याकडे मागून भागणारी नाही. फक्त एक विनंती. ती पुसली जाण्याआधी त्या भिंतीपुढं तुम्ही पोराबाळांसह फोटो काढलेत, मी पाहिलंय. जेवायला उठण्याआधी फोन काढा आणि स्वतःच्या चेहऱ्यामागं बघा.

तोवर मी बारा नावं घेतो. तेरावं कुणाला सापडलं तर खुशाल मध्येच ओरडा.

बहाती. जुमा. मजालिवा...