केंटची तुळई

हेरिटेजचं नाव माझ्यासमोर काढू नका. आमच्या मार्टिनसाहेबाने कान किटवलेत माझे. माणूस इंग्लंडातल्या केंट काउंटीचा, तिथल्या पबांचा इतिहास याला तोंडपाठ. कुठल्या पबात टपालगाडीचे घोडे बदलायचे, कुठल्या तळघरात चोरटी दारू उतरायची. आपल्याकडे त्याला गुत्ता म्हणतात, यांच्याकडे तो हेरिटेज! आणि वर मलाच ऐकवणार, "मुनीर, यू पीपल हॅव नो हिस्टरी."

तर आमच्या इंटिरियर कंपनीने इथे आखातात एका हॉटेलात केंटसारखा पब उभा केला. हॅंडओव्हरच्या दिवशी इजिप्शियन क्लायंटसमोर साहेब डोक्यावरची काळी तुळई दाखवून म्हणतो, "बुडालेल्या जहाजाचं लाकूड. तीनशे वर्षांचं. खास केंटहून आणलंय."

ती तुळई मीच गेल्या आठवड्यात इथल्याच अल कुसैस भागातल्या वर्कशॉपमधून पिकअपमध्ये टाकून आणली होती. मी हळूच म्हटलं, "सर, ती तुळई..."

"खलास, मुनीर! हिस्टरी मी सांगतोय."

म्हटलं, यल्ला, सांग बाबा.

ताडमाड साहेब ऐटीत दोन पावलं मागे सरकला आणि त्याचं डोकं धाडकन तुळईवर आपटलं. डोक्याला काही झालं नाही, तुळईच मोडली. आतून थर्माकोलचे पांढरे दाणे भुरुभुरु साहेबाच्या केसांवर, कोटावर!

क्लायंटने मलाच विचारलं, "हे काय?"

म्हटलं, "हबीबी, केंटमध्ये या दिवसांत बर्फ पडतो."