सदतीस नंबरचा राखाडी

...बुधवार होता बहुतेक. का मंगळवार? तुम्हाला सांगतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका, मी स्वतःही विसंबत नाही, घराचं कुलूप ओढून बघायला तीनदा परत येणारा माणूस मी, पण पार्लरमधल्या त्या मुलीचं वाक्य मात्र जसंच्या तसं कानात आहे, "आजोबा, तीन आठवडे हलणार नाही!" अहो, हलणार नाही म्हणजे काय? माझ्या वयात तीन आठवड्यांची हमी कोणी स्वतःचीही देत नाही!

मुळात मी तिथे गेलो कशाला? तर नखं. मी नखं खातो. रसायनशास्त्रात डॉक्टरेट, छत्तीस वर्षं प्राध्यापकी, आणि नखं खातो. निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी कॉलेजने व्याख्यानाला बोलावलं, विषय काय, तर 'निरीक्षणातील अचूकता', वर प्रयोगही करून दाखवायचा, आणि तोही कॅमेऱ्याखाली, म्हणजे माझा हात भिंतीएवढ्या पडद्यावर! आता मला सांगा, नऊ वर्षांत हात विसरला असेल तर? थरथरला तर? पोरं हसली तर? या 'तर' 'तर'मध्ये निम्मी नखं संपली. मुलगी म्हणाली, "बाबा, ही असली बोटं दाखवणार? लोकांना वाटेल सरांना घरी जेवायला देत नाहीत." बायको म्हणाली, "तोपर्यंत बोटं उरली तर दाखवतील ना!" मग मुलीनेच तोडगा काढला. नखांवर कडक लेप बसवायचा, दिव्याखाली वाळवायचा, दात लागतच नाही.

मला पार्लरच्या दारात सोडून ती गेली गाडी लावायला, ती तासाभराने उगवली. आत खुर्ची थेट दंतवैद्याची. मी बसलो आणि सवयीने तोंड उघडलं.

"तोंड नको आजोबा, हात द्या... अगं बाई! कोण कुरतडतं हो?"

"मीच."

"आजी ओरडत नाहीत?"

"ओरडते ना. ती ओरडली की जास्त खातो."

मी म्हटलं, बिनरंगाचं लाव. तर म्हणे, "खालचं सगळं दिसेल, फिका रंग घ्या," आणि पुढ्यात रंगांच्या नमुन्याच्या खोट्या नखांचा एक मोठा जुडगाच टाकला, प्रत्येकावर नंबर. मी माझ्या राखाडी कोटाची बाही पुढे ओढली, एकेक नख बाहीशी लावून पाहिलं, उजेडात, सावलीत, चष्मा लावून, चष्मा काढून... शास्त्रीय पद्धत! शेवटी म्हटलं, "सदतीस. कोटासारखा. सभ्य."

ती थबकली. "सदतीस? नक्की?"

'नक्की' हा शब्द मी आयुष्यात चारपाच वेळाच वापरला असेन, त्यातली एक वेळ ही. "नक्की!"

"धीट आहात हो आजोबा!"

धीट? मी? कोटाच्या रंगापायी? पण तुम्हाला सांगतो, बरं वाटलं. मग लेप, दिवा, पुन्हा लेप, पुन्हा दिवा, आणि बाहेर पडायच्या आत मी एक नख दाताखाली घालून पाहिलं, तर दातच घसरला! तीन आठवडे हलणार नाही!

मुलगी आली, माझ्या हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बाबा, हा रंग तुम्ही निवडलात?"

"मीच."

"काढता येतो का हो?" हे त्या पार्लरवालीला, हळूच.

"इतक्या लहान नखांवरून आता घासायचा म्हणजे रक्त निघेल. तीन आठवडे हलणार नाही."

"मग छान आहे बाबा," म्हणाली आणि घरापर्यंत नुसती खोकत राहिली. घरी बायकोने एकदाच पाहिलं, "हं, शोभतोय," म्हणाली आणि आत जाऊन बराच वेळ भांडी आवरत बसली. बरं, आवरायला भांडी होती कुठे?

व्याख्यानाच्या दिवशी पडद्यावर हात आला आणि सभागृहात खसखस पिकली. झालं, म्हटलं, हात थरथरतोय! पण बोलत राहिलो. खाली चंबूत आम्ल, वरून अल्क थेंबथेंब सोडायचं, पहिली फिकी गुलाबी छटा दिसली की त्याच क्षणी थांबायचं, सगळी अचूकता तिथेच. सोडतोय एक थेंब, आणखी एक... तेवढ्यात पहिल्या रांगेतून माझा जुना प्रयोगशाळा-सहायक, तोही आता निवृत्त, उठूनच ओरडला, "बस, सर!" सवय हो, छत्तीस वर्षांची! मी तोटी बंद केली. टाळ्या!

मग एक विद्यार्थिनी उठली, "सर, नखांचा रंग मुद्दाम द्रावणाशी जुळवून घेतलात का? दोन्ही अगदी सारखं गुलाबी आहे!"

गुलाबी? मी नखं पाहिली. राखाडी. पडदा पाहिला. राखाडी. चारशे माणसं उत्तराची वाट बघतायत. काय बोलणार? "हो," म्हटलं. आणि तुम्हाला सांगतो, अशा टाळ्या मला नोकरीत असताना कधी मिळाल्या नव्हत्या! पुढच्या वर्षाचं आमंत्रण तिथल्या तिथे.

घरी बायको शांतपणे म्हणाली, "गुलाबीच आहे. आधी सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता का?" मी म्हटलं, दिव्याने रंग बदलला असणार, प्रकाशाने होते अशी रासायनिक क्रिया. हे मी पुढे कित्येक वर्षं भेटेल त्याला समजावून सांगितलं, फळ्यावर आकृती काढूनसुद्धा. रंग तीन आठवडे टिकला आणि गेला. माझा सिद्धांत काही हलला नाही.

मग परवा चष्म्याचा नंबर काढायला गेलो, तर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी ठिपक्याठिपक्यांचं पान पुढे धरलं, "कोणता अंक दिसतो?"

"अंक? यात?"

त्यांनी आणखी चार पानं उलटली. म्हणाल्या, "जन्मापासूनच असणार. फिका गुलाबी आणि राखाडी तुम्हाला एकच दिसतात."

घरी येऊन आधी सहायकाला फोन लावला. म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"म्हणजे काय सर," तो म्हणाला, "छत्तीस वर्षं मी तुमच्या शेजारी उभा राहून दुसरं काय करत होतो?"