फळीवरच्या माणसाला हाक

— न्हाई न्हाई साहेब, असं नाव पुकारायचं न्हाई हितं. तुमी नवे म्हणून कोणी काय बोललं न्हाई, पण ह्या मोंढ्यात रीत हाय — हमाल पोतं घेऊन फळीवर चढला की त्याला हाक मारायची न्हाई. कावून म्हणजे? फळी ती केवढी, हातभर रुंद. हाक ऐकून मान वळली की पाय गेला — माणूस खाली अन् पोतं त्याच्यावर. ट्रक भरताना आमी सख्ख्या बापाला बी हाक मारत न्हाई. बसा तुमी. ह्या सोयाबीनच्या पोत्यावर बसा. च्या सांगू? — कोण म्हणला तुमी, बजरंग? बजरंग मुकादम? तो न्हाई आज. तलवाड्याला गेलाय, सोयरिकीचं काम निघालं. फोन बंद असंल, हाव, बंदच असंल. काय निरोप असंल तर मला सांगा, मी घालतो त्याच्या कानावर.

थांबा — तुमीच ना ते? परवाच्या शिबिरात कोपऱ्यात टेबल टाकून बसलेले? हमालांची तब्येत तपासायला गाडी आलती, एका पडद्याआड छातीला तारा लावून काळजाची पट्टी काढणाऱ्या डॉक्टर मॅडम, एका टेबलावर रक्त काढायला पोरगी, अन् तिकडं लिंबाखाली तुमी. ‘मनातलं बोला’ का काय बोर्ड लावलता. कोणी आलंच न्हाई तुमच्याकडं. आमची माणसं म्हणली, आपल्या मनात काय असतंय बे, पोतं अन् भाकर! अन् रक्त द्यायला जाताना तुमच्या पुढच्या खुर्चीवर सदरे टाकून गेली. खुंटी केली तुमची. तुमी मात्र रागावला न्हाई. संध्याकाळी एकेकाचा सदरा झटकून ज्याचा त्याला दिला. लई शरम वाटली मला बगा. मुकादम म्हणून मीच त्यांना दटवायला पायजे होतं —

बगता काय असं. हाव. मीच बजरंग.

मंग काय सांगू? तुमी कावून आलाय ते ठाऊक हाय मला. काल मॅडमचा फोन आलता. बजरंगराव, तुमच्या छातीची पट्टी चांगली न्हाई, वजन उचलू नका, आजच्या आज अंबाजोगाईला या, हयगय केली तर जिवावर बेतंल. सगळं ऐकलं मी. बरं म्हणलो, अन् फोन बंद करून ठेवला. पण तुमीच बगा ना, मी उचलतोय का काय? दाभण अन् सुतळी घेऊन पोत्याची तोंडं शिवत बसलोय. माझ्या काळजाला काय धाड भरली न्हाई. तुमी जा बिनघोर. — कशावरून? कशावरून म्हणजे — अहो, मला ठाऊक हाय ना. ते काळीज माझं न्हाईच, साहेब.

असं गप बसू नका. तुमी गप बसता अन् माणूस बोलून जातो, हीच तुमची विद्या दिसती.

झालं काय — शिबिराच्या दिवशी आडतवाले म्हणले, पयला मुकादम, म्हणजे बाकीचे मागं येतील. अन् पडद्यातून जो तो बाहेर येऊन सांगाया लागला, मॅडम शर्ट काढायला लावती, पोट दाबती, खोकायला लावती. खोकायला! तिथंच मागं सरलो मी. कारण मला — आता बाईमाणूस न्हाई ना कोणी मागं? — मला अंतर्गळ हाय. हितं, जांघंत. वरीस झालं. खोकलो की लिंबाएवढं पुढं येतंय, निजल्यावर हातानं आत सारावं लागतंय. चड्डीच्या आतून पट्टा बांधतो मी, औषधाच्या दुकानातून आणलेला, तो बी परळीहून आणला, हितं वळखीचं दुकान हाय म्हणून. अन् बाईच्या पुढं उभा राहून खोकू? तवा मी अभिमन्यूला म्हणलो — अभिमन्यू म्हणजे तो बगा, लाल टॉवेलवाला, ट्रकवर हाय तो — म्हणलो, मला वजनकाट्यावर जायचंय, तू माझ्या नावानं तपासून ये. गेला बिचारा. अंगभर भुसा, डोक्याला टॉवेल, कोण कोण ते कळतंय व्हय? परत आल्यावर मी म्हणलो, आता तुझ्या नावानं जा. तर म्हणतो, दोनदा कोण सुई टोचून घेईल बे, मला काय धाड भरली?

कळलं आता? पट्टी त्याची. नाव माझं. अन् त्याला काय बी ठाऊक न्हाई.

काल फोन ठेवला तवा मला पयलं काय वाटलं असंल, सांगा? तुमी न्हाई सांगणार, मीच सांगतो. बरं वाटलं. सुटलो म्हणलो — माझं न्हाई ते. एवढा नीच इचार आला ह्या डोक्यात. संगं जेवणारा माणूस तो, धारूरहून आलता तवा मीच त्याला फळीवर चालायला शिकवलं, अन् माझ्या मनात आलं, बरं झालं माझं न्हाई. मंग भाकर उतरंना. अहो, मी न्हाईच म्हणत न्हाई, मी सांगणारच होतो. पण काय सांगणार? तो सगळ्यांच्या देखत विचारणार, तुमी स्वता कावून न्हाई गेला हो मुकादम? मंग? एकदा हे मोंढ्यात फुटलं की मी मुकादम राहतो का? हमालाचं अंग म्हणजेच हमाल, दुसरं हाय काय त्याच्याजवळ. ट्रकात पयलं पोतं मुकादमानं टाकायचं असतंय. वरीसभर मी काय केलं — ‘अभिमन्यू, पयल्या पोत्याचा मान तुझा’ म्हणून त्याला पुढं केलं. तो फुशारून जायचा. मान कसला, माझं वजन त्याच्या पाठीवर टाकीत होतो मी.

घरी? घरी कोणाला सांगू. भिवराबाईला — बायकोला — बी न्हाई ठाऊक. वरीस झालं मी ओट्यावर निजतो. ती म्हणती, तुमचं माझ्यावरून मन उडालं. उडू दे म्हणलं, ते परवडलं. रडली बी ती एकदा. मी कूस बदलली. मी बी रडतो साहेब, खोटं कशाला — हितंच, सरकीच्या थप्पीमागं, डोळ्यात भुसा गेला म्हणून सांगतो. तुमच्या बोर्डाकडं त्या दिवशी मी दोन-तीन चकरा मारल्या. पण खुर्चीवर सदरे होते.

आज सकाळी आल्या आल्या त्याला म्हणलो, अभ्या, तू आज शिवायला बस, मी बगतो भरतीचं. तर सगळे हसले अन् तो भडकला. म्हणला, दाभण घेऊन बसायला मी म्हातारा झालो का मुकादम? अन् मुद्दाम दोघांचं काम एकटा करायला लागला. बगा, बगा ना, परत डावा हात चोळतोय. सकाळपसून चोळतोय. विचारलं तर म्हणतो, गॅस धरलाय, सोडा प्यायलो की जाईल. अन् मी हितं बसून तुमाला तलवाडा सांगतो, सोयरीक सांगतो — माझ्या एकेका थापंला त्याची एकेक खेप झाली, साहेब. मला दिसत होतं ते. बोलताना मी तिकडंच बगत होतो.

आता न्हाई — उठू नका. आता फळीवर हाय तो, पोतं हाय डोक्यावर. टाकू द्या. रिकामा खाली येऊ द्या. अन् तुमी सांगून तो ऐकणार न्हाई, हसंल तुमाला, ‘मला काय धाड भरली’ म्हणंल अन् पुढचं पोतं घेईल. मी वळखतो ना त्याला. त्याच्या स्वताच्या दुखण्यासाठी तो फळी सोडणार न्हाई. दुसऱ्याच्या सोडंल. तसा हाय तो. माझ्या नावानं सुई टोचून घेतली की न्हाई त्यानं?

उतरला. उतरला —

ए अभिमन्यू! थांब! पोतं घेऊ नको! — अय, त्याच्या डोक्यावर देऊ नका रे, खाली ठेवा ते! — हिकडं ये. कावून म्हणजे? मला दवाखान्यात न्यायला पायजे कोणीतरी. — मला, मला! मला अंतर्गळ हाय! — हाव, मोठ्यानंच सांगतोय, ऐका सगळे! वरीस झालं, जांघंत आतडं उतरलंय माझं! शिबिरात जायची शरम वाटली म्हणून ह्याला पाठवलं मी माझ्या नावानं! — हसा ना. हसा. — अभ्या, एकट्यानं जायची छाती होईना मला. चल माझ्यासंगं अंबाजोगाईला. आत्ता. मॅडमची माझ्या नावाची एक पट्टी बी हाय, तिचं रस्त्यात सांगतो. साहेबाच्या फटफटीवर बसून सांगतो. — टॉवेल राहू दे. चाल हळू. हळू रे. माझ्या खांद्यावर हात ठेव.

साहेब, उठा. गाडी चालू करा तुमी, त्याला मधी बसवू. अन् आता मला काय बी विचारू नका.