बापुजींचं बारसं

नाही नाही भाई, उचलायचं नाही हं — नुसतं हलवायचं. ऐंशी किलोचा माणूस आहे, चादर फाटली तर बारशालाच कंबर मोडायची. आमच्यात बारशाला चादरीची झोळी करून चौघांनी हलवायची असते, तुम्ही फक्त हा कोपरा धरा. तिकडे मंथन, इकडे हेत्वी, आणि ती शेजारची जिनल — चौथं कोणी नव्हतंच, तेवढ्यात तुम्ही बेल वाजवलीत, अगदी देवासारखे आलात. चपला राहू द्या हो. बापुजी, हसू नका, चादर हलते! — हो, हेच बापुजी. माझे वडील, छबीलदास. त्यांचंच बारसं. का म्हणजे? नाव विसरले म्हणून. स्वतःचं! परवा पोस्टमन आला, म्हणाला छबीलदास कोण, तर बापुजी म्हणतात, वरच्या मजल्यावर राहतात, फार कटकट्या माणूस आहे. आता आमच्या वर नुसती गच्ची. तो बिचारा गच्चीवर जाऊन आला ना!

आणि पोरांना हे समजावायचं कसं, तुम्हीच सांगा. ही माझ्या भावाची पोरं — तो आणि वहिनी दिवसभर दुकानात, घरी मी. मी ह्यांची फोई, म्हणजे आत्या, तरुलता. डॉक्टर म्हणाले, पोरांपासून लपवू नका, सोपं करून सांगा. केलं सोपं! म्हटलं, दादाजींचं डोकं मोबाइलसारखं झालंय, चार्जिंग टिकत नाही. दुपारी बघते तर हेत्वीने चार्जरची वायर बापुजींच्या खिशात खुपसलेली, आणि बापुजी भिंतीला टेकून बसलेत, हलायला तयार नाहीत — का? तर पोरगी म्हणाली, शंभर टक्के झाल्याशिवाय उठायचं नाही. जेवायलासुद्धा उठले नाहीत हो! बसल्या जागी लोचो भरवला मी, आमचा तो वाफवलेल्या डाळीचा. मग दुसरं सांगून बघितलं — म्हटलं, बेटा, माणूस कुठं जात नाही, नुसतं नाव गळून पडतं, सदऱ्याचं बटण पडतं तसं. तर मंथन म्हणतो, मग परत लावू की! नाव कोण ठेवतं? फोई ठेवते. तू फोई आहेस. घाल दादाजींना झोळीत! — आता ह्यात चूक काय काढणार? मला तर नाही सापडली. झोळीत ठेवायला पिंपळाचं पानसुद्धा आणलं त्यांनी, हे बघा, खारीने कुरतडलेलं. रास मिथुन, म्हणजे क, छ नाहीतर घ. हेत्वी म्हणते ‘घारी’ ठेवा, दादाजींना ती मिठाई आवडते. बापुजींनी लगेच होकार दिला. मीच म्हटलं, जुनंच ठेवू या, आधार कार्ड कोण बदलत बसणार?

घड्याळ कशाला बघताय भाई? माहितेय मला, तुम्ही वृद्धाश्रमातून आलात ते — हळू, पोरांना मी पाहुणे म्हणून सांगितलंय. भावाचं म्हणणं असं की... नाही, त्याला कशाला मध्ये ओढू. फोन मीच केला. त्याला तर पत्ताही नाही. काय आहे, सगळे आठवतात हो ह्यांना! भाऊ आठवतो, वहिनी आठवते, दूधवाला आठवतो, त्याची मेलेली म्हैससुद्धा आठवते — आणि मला विचारतात, बेन, तुम्ही कोणाकडे आलात? जन्मापासून ह्याच घरात आहे मी. लग्नसुद्धा नाही केलं — म्हणजे बापुजींमुळे असं नाही हं... असेल, थोडं तसंही असेल. त्या दिवशी रागच आला. म्हटलं, मी कोणीच नाही ना, मग कोणीही सांभाळो. केला फोन. आणि ही हेत्वी विचारते, फोई, तुला पण विसरले दादाजी? छे गं, म्हटलं, थट्टा करतात. तर म्हणते, मग तू नळ सोडून बाथरूममध्ये रडतेस का? — पोरांना समजावत होते मी! कोण कोणाला समजावत होतं, देव जाणे.

चला, हलवा, हलवा आता. हळूहळू — बापुजी, नाव सांगते हं कानात, छ... काय? काय म्हणता? थांबा रे, थांबवा चादर! — ऐकलंत भाई? तुम्हीही ऐकलंत ना? म्हणतात, तरु आल्याशिवाय बारसं सुरू करायचं नाही! तरुला बोलवा म्हणतात. बापुजी, अहो मीच... — ‘तुम्ही नाही हो बेन. माझी मुलगी. तरु.’

काय गं हेत्वी? मोठ्याने बोल. — बाहेर जाऊ? बाहेर जाऊन तरु होऊन येऊ? ... अगं, खरंच की. चप्पल कुठाय माझी? बेल वाजवते, आत येते, तरु आली म्हणते. नाही पटलं तर पुन्हा बाहेर जाईन, पुन्हा येईन. मला काय दुसरं काम आहे! मंथन, ह्यांचा कोपरा झोपाळ्याच्या साखळीला बांध, घट्ट गाठ मार — सोडा भाई. सोडा म्हटलं ना. बोलावून त्रास दिला, चूक झाली, ही थोडी घारी घ्या खिशात, आणि चला माझ्याबरोबर बाहेर. नाही, काही बोलायचं राहिलं नाही. तो जिना तिकडे. पोरांनो, आतून ‘कोण आहे’ म्हणून विचारा हं जोरात — आणि बापुजींना ऐकू दे.

अहो, उभे काय राहिलात? उतरा. मला बेल वाजवायचीय.