पेटी शिवेवर ठेवली

माझं माहेर बी हेच अन् सासर बी हेच, बघा. बाला पोरगा न्हवता, म्हणून माझ्यासाठी घरजावाई आणला, म्हणून म्या कंधारकडच्या याच गावात जल्मले अन् इथंच म्हातारी झाले. मालक गेले. आता ल्योक मारुती हाय, सून हाय, अन् माझं तोंड हाय, ते काय गप बसत न्हाई.

त्या दिशी पाटलाचा नातू गाडीवर आला. कैक वर्सं त्यांची लग्नं नांदेडला कार्यालयात व्हायची, आता ह्याचं लगीन हौसेनं गावातच काढलं, ते उडतं कॅमेऱ्याचं बी आणणार म्हणं. म्हणला, आज्जी, पेटीचा मान तुमच्या घराचा, मारुतीकाकाला पाठवा. नवरीच्या लुगड्यांची पेटी डोईवर घेऊन वरातीपुढं चालायचं, असा त्यांच्या वाड्याचा रिवाज. अन् आमचा मारुती, काय सांगू तुमाला, पार फुलून गेला. आये, फेटा बांधतेत, फोटू काढतेत म्हणला. म्या म्हणलं, फेटा बांधला म्हणून बोजा हलका होतोय का रं? तो मान न्हाई मेल्या, ती वेठ हाय वेठ.

आता वेठ म्हंजी तुमाला तरी काय ठावं असणार. निजामाचं राज होतं, म्या एवढीशी होते. तहसिलीचा साहेब दौऱ्यावर आला की त्याची पेटी आमच्या बाच्या डोईवर. गावच्या शिवेपस्तोर न्यायची, तिथं म्होरच्या गावचा माणूस घेणार, न्हाई आला तर चला तसंच म्होरं. मजुरी न्हाई, भाकर न्हाई, न्हाई म्हणायची सोय बी न्हाई. साहेबाच्या घोड्याला हरभऱ्याची चंदी मिळायची अन् आमच्या घरात रानातल्या तरोट्याची भाजी, ती बी बिनमिठाची. आये अन् चुलती, दोघीत एकच धड लुगडं, एक भाईर गेली की दुसरी घरात बसायची. असलं राज ते.

एका साली पाऊस पडून रानाला वापसा आला होता, बानं बैल मागून आणले होते, तुकडाभर रान पेरायचं होतं, अन् चावडीवरून बोलावणं आलं. बा हात जोडून म्हणला, एवढी पेरणी होऊ द्या मालक. जुना पाटील म्हणला, आदी सरकारचं काम. बा गेला. शिवेवर म्होरच्या गावचं कुणीच न्हवतं. शिपाई म्हणला, चल म्होरं. अन् बानं पेटी ठेवली खाली, म्हणला, माझं गाव इथं सरलं, माझं काम बी सरलं. तसाच माघारी आला अन् पेरायची पाभर धरली.

पेरून झालं अन् शिपायांनी बाला धरून नेला. चावडीपुढं ओणवं करून पाठीवर धोंडा ठेवला. आता उचलशील का, म्हणून इचारायचे. बा म्हणायचा, न्हाई. परत इचारायचे, परत न्हाई. म्या आयेच्या पदराआडून बघत होते. मला रडू न्हाई आलं, राग आला, तो अजून गेला न्हाई. बाची कंबर जल्मभर वाकडीच राहिली.

निजाम गेला. मग पाटलानं सोताच्या घरच्या लग्नात तसलीच पेटी आमच्या चुलत्याच्या डोईवर दिली, अन् तिला मान म्हणू लागले. चुलत्यानं उचलली, पोटासाठी, त्याला बोल न्हाई लावत म्या.

मारुतीनं सगळं ऐकून घेतलं. मग उठून वाड्यावर गेला, म्हणला, लग्नाला येतो, पंगतीला बसतो, पेटी उचलणार न्हाई. नातू म्हणला, काका, रिवाज हाय. मारुती म्हणला, आमच्या घराचा बी एक रिवाज हाय, आज्ज्यानं घालून दिलेला.

मग वाड्यावरून कशाचं आवतण अन् काय. न्हाई तर न्हाई, म्या घरीच पुरण घातलं. वरात आमच्या दारावरून गेली, पेटी जीपच्या टपावर दोरीनं बांधलेली, म्या ओट्यावर बसून बघत राहिले. नवरी गोड हाय हो, लेकरूच हाय, तिचा काय कसूर? म्या इथूनच अक्षदा टाकल्या. सुखानं नांद माय, पोराबाळांची हो. पर तुझी पेटी तुझ्या घरच्यांनी उचलावी.